डाव कुणी पुसला?



गेल्या महिन्यात आमच्या घरात एक खटला चालला. फिर्यादी अकरा वर्षांचा, आरोपी आठ वर्षांची. न्याय द्यायला बसली त्या दोघांची आई, म्हणजे माझी सून. पाच मिनिटांत निकाल लागला, शिक्षाही झाली. आणि तो निकाल साफ चुकीचा होता. तो चुकीचा का, हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. आज तेच सांगायचे आहे.

खटला एका खेळाच्या डबीवरून झाला, म्हणून आधी त्या डबीची माहिती देते. आपल्या घराघरांत आज पोरांच्या हातात असली डबी नाहीतर मोबाईल आहे. आपण लांबून "ठेव ते" एवढेच ओरडतो. पोरगं त्यात काय करतं आहे, हे शेजारी बसून कुणी पाहत नाही. मीही पाहत नव्हते.

आम्ही खडकवासल्याला राहतो. धरणाची भिंत आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. मुलगा टेम्पो चालवतो. सून सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत चार घरचा स्वयंपाक करते. पहाटे पाचला उठते, दुपारी तीनला परत येते. दिवाळीच्या सफाईत एका घरच्या बाईंनी माळ्यावरची एक पिशवी तिला दिली. "आमचा मुलगा मोठा झाला, तुमच्या मुलांना होईल," म्हणाल्या. पिशवीत गणिताची दोन पुस्तके, एक कंपासपेटी आणि विटेएवढी करडी डबी होती. तिचे नाव गेमबॉय. सोबत एक लाल कॅसेट. तिच्यावर नाव, पोकेमॉन रेड.

सुनेचे तोंड उतरले. "आत्या, पुस्तकं राहू द्या, पण ही डबी विकून टाकते. पोरगं वाया जाईल." मी म्हटले, थांब जरा. आधी बघू तरी, हे आहे काय.

मग भाच्याला विचारून, इकडून तिकडून वाचून माहिती काढली. गेमबॉय १९८९ साली जपानमध्ये निघाला. निन्टेंडो ही कंपनी पूर्वी पत्ते बनवायची. तिथे गुनपेई योकोई नावाचा माणूस १९६५ साली यंत्रांची देखभाल करायला लागला. म्हणजे मेन्टेनन्सवाला, आपल्यासारखाच. रिकाम्या वेळात त्याने स्वतःपुरता एक लांब होणारा चिमट्यासारखा हात बनवला होता. मालकाने तो पाहिला आणि १९६६ साली त्याचेच खेळणे करून बाजारात आणले. पुढे त्याच माणसाच्या हाताखाली गेमबॉय तयार झाला. त्याचे म्हणणे असे की, नवे महागडे सामान कशाला? जे जुने आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत, तेच नव्या तऱ्हेने वापरा. म्हणून या डबीला रंगीत पडदा नाही. चार पेन्सिल सेलवर ती चालते. गेमबॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून जगात ११ कोटी ८६ लाखांवर नग खपले.

आयांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या डबीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. दिवसाउजेडी नाहीतर दिव्याखाली बसूनच खेळावे लागते. पांघरुणात लपून खेळता येत नाही. इंटरनेट नाही, जाहिरात नाही, खेळता खेळता पैसे मागणे नाही. मोबाईलपेक्षा ती मला गरीब स्वभावाची वाटली. मी सुनेला म्हटले, रोज अर्धा तास, उंबऱ्यात, माझ्या डोळ्यांसमोर. ती कबूल झाली, पण मनातून नाही.

आता खेळ. तो बनवणाऱ्याचे नाव सातोशी ताजिरी. जन्म १९६५. टोकियोच्या कडेला माचिदा म्हणून गाव आहे, तिथे तो वाढला. लहानपणी त्याला किडे धरायचा नाद. इतका की सोबतची पोरे त्याला "किड्यांचा डॉक्टर" म्हणत. बाकीची मुले भुंगेरे धरायला झाडाला मध लावत. याने पाहिले की दिवसा भुंगेरा दगडाखाली झोपतो. त्याने झाडाखाली दगड ठेवला, सकाळी उचलला, की किडा हातात! पण शहर वाढत गेले. शेते गेली, झाडे गेली, तळी बुजली. जिथे तो मासे धरायचा, तिथे खेळाच्या यंत्रांचे दुकान उभे राहिले. मग तो त्या यंत्रांतच रमला. वडिलांना वाटे, पोराने वीज कंपनीत नोकरी धरावी. याने धरली नाही. १९८३ साली मित्रांबरोबर हाताने लिहून, टाचण्या मारून, खेळांविषयी एक छोटे मासिक काढले. त्या मासिकातूनच १९८९ साली कंपनी झाली. पुढे त्याला वाटले, आजच्या मुलांना किडे धरायला रान उरले नाही, तर ते खेळात द्यावे. तो खेळ पुरा व्हायला सहा वर्षे गेली. कंपनी बुडायच्या बेताला आली होती. अखेर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये निघाला, इंग्रजीत १९९८ साली. आपल्याकडे २००३ च्या सुमारास त्याचे कार्टून टीव्हीवर लागले आणि २०१६ साली मोबाईलवरचा प्रकार गाजला, तो याच झाडाचा फाटा.

हे वाचून मला आमचेच गाव दिसले. माझे मालक पाटबंधाऱ्याच्या कामावर होते, तेव्हा लग्न होऊन मी इथे आले. पहिल्या पावसात पोरे ओढ्यात खेकडे धरायची. तळ्याकाठी गळ टाकून चिलापी काढायची. वळवाच्या पावसानंतर झाडांवर काजवे लखलखायचे. आज गाव महापालिकेत आले आहे, २०२१ साली. रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसे आणि भजी खायला आलेल्या मोटारींची रांग लागते. ओढ्यावर स्लॅब पडला. काजवे दाखवायला पोरांना लांब डोंगरात न्यावे लागते. मग पोर खेकडा धरणार तरी कुठे? ते डबीत धरते.

खेळाची रीत अशी. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा घरातून निघतो. त्याला तीनपैकी एक प्राणी मिळतो, गवताचा, आगीचा नाहीतर पाण्याचा. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. वाटेत रानटी प्राणी भेटतात. त्याला दमवायचे आणि मग चेंडू टाकून धरायचे. फार जोरात मारले तर तो बेशुद्ध पडतो आणि हातचा जातो. म्हणजे किती मारायचे आणि कुठे थांबायचे, हे कळले पाहिजे. दमलेल्या प्राण्यांना दवाखान्यात न्यायचे. तिथे पैसे लागत नाहीत. हे ऐकून आमची सून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "एवढं तरी बरं आहे तिथं."

एकूण प्राणी १५१. पण एका कॅसेटीत सगळे सापडतच नाहीत. मुद्दामच तसे केले आहे. काही लाल कॅसेटीत, काही दुसरीत. ताजिरीने दोन गेमबॉय जोडायची वायर पाहिली आणि त्याला वाटले, या वायरीवरून किडा इकडून तिकडे चालत जाईल. म्हणून अदलाबदल केल्याशिवाय खेळ पुरा होत नाही. एकट्यादुकट्याने होत नाही, हे आपल्या माणसांना मी वेगळे सांगायला नको.

आमच्या नातवाने काय केले, ते ऐका. वाटेत एका दवाखान्यात एक माणूस ५०० ला मासा विकतो. मॅजिकार्प त्याचे नाव. नातवाने घेतला. तो मासा अगदी कुचकामी! लढायला सोडला की नुसता उड्या मारतो, दुसरे काही येतच नाही. पण खेळाचा नियम असा की जो लढाईत क्षणभर तरी उतरला, त्याला शिकण्याचा वाटा मिळतो. मग नातू त्याला दर वेळी पहिला पुढे करायचा, लगेच मागे घ्यायचा आणि दुसऱ्या तगड्याला पाठवायचा. असे करत पायरी पायरीने तो चढतो, आणि २० व्या पायरीला त्याचा अजस्र नाग होतो, गॅराडोस. धबधबा चढून गेलेल्या माशाचा नाग होतो, अशी चीनमधली जुनी गोष्ट आहे, त्यावरून हे घेतले.

मी अंगणवाडीत सव्वीस वर्षे काढली. जे पोर मागे पडते त्याला पुढच्या रांगेत बसवावे, हे आम्हाला पहिल्या वर्षी सांगितले होते आणि दुसऱ्या वर्षी आम्ही विसरलो होतो. हा पोरगा कुणी न सांगता तेच करत होता. त्या दिवसापासून मी शेजारी बसू लागले.

दुसरी गोष्ट भाषेची. नातू मराठी शाळेत. खेळ सगळा इंग्रजीत. वाचल्याशिवाय पुढची वाटच सापडत नाही. आधी मला विचारायचा, मला येईना. मग मुलाने जुना शब्दकोश आणून दिला. एक वही केली. फायर, वॉटर, पॉयझन, केव्ह, ट्रेड असे दोनशेवर शब्द त्यात झाले. पोपटपंची नाही, लागले म्हणून शिकलेले. एक शब्द आला, इव्हॉल्व्ह. कोशात अर्थ उत्क्रांत होणे. खेळात एक सुरवंट आहे. तो ७ व्या पायरीला कोष होतो आणि १० व्या पायरीला फुलपाखरू. नातवाच्या बाईंनी सांगितले, "बाळा, खऱ्या सृष्टीत याला उत्क्रांती नाही म्हणत, रूपांतर म्हणतात. उत्क्रांती एका जिवाची नसते, हजारो पिढ्यांची असते." खेळाने चूक शिकवली, बाईंनी दुरुस्त केली. म्हणून मी म्हणते, पोराला खेळाबरोबर एकटे सोडू नये. खरे तेही सांगते, गणिताचे मार्क होते तेवढेच राहिले. खेळाने जादू होत नाही.

आता खटल्याकडे वळू. धाकटी रोज भावाच्या खांद्यावरून बघायची. हात लावू देईना. "हा पोरांचा खेळ आहे. यात हिरो पोरगाच आहे," म्हणायचा. ते खोटे नव्हते. त्या लाल कॅसेटीत मुलगी होऊन खेळायची सोयच नाही. ती सोय २००० साली जपानमध्ये निघालेल्या क्रिस्टल नावाच्या कॅसेटीत प्रथम झाली. पण पडद्यावर मुलगा आहे म्हणून हातात मुलगी नको, हा कुठला न्याय? मी एकदोनदा बोलले. पण घरात बोलणे आणि करणे यात अंतर पडते, तसे पडले.

एका बुधवारी मासा १९ व्या पायरीला पोचला. नातवाने डाव राखून ठेवला, डबी बंद केली. गुरुवारी शाळेतून आल्यावर चालू केली, तर "पुढे चालू" अशी ओळच नाही. नुसता "नवा डाव". तीन महिन्यांचे सगळे गेले. पोराने टाहो फोडला आणि पहिला शब्द तोंडातून आला, "हिनंच पुसलं!"

धाकटी म्हणाली, मी हात लावला नाही. पण सकाळी ती डबी कपाटातून काढून बघत होती, हे सुनेने पाहिले होते. झाले! तेवढा पुरावा पुरला. दमून आलेली बाई, रडणारा मुलगा, आणि समोर ऐकून घेणारी मुलगी. दोन चापट्या बसल्या. वर "खोटं बोलतेस?" म्हणून तिसरी. पोर रडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. ते न रडणे मला रात्रभर टोचत राहिले. मी तरी कुठे मध्ये पडले? मलाही क्षणभर वाटलेच होते की हिनेच केले असेल.

रात्री नातू माझ्याजवळ आला. "आजी, सगळं गेलं." मी त्याला १९६१ सालचे सांगितले. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ हे आपले खडकवासल्याचेही. माझे माहेर पुण्यात मुठेच्या काठाला. मी सहा वर्षांची. बापाने मला खांद्यावर घेतले आणि उंचावर पळाला. परत आलो तर घर नव्हते, नुसता गाळ. भांडी गेली, आईची पेटी गेली, माझी पाटी गेली. नातवाने विचारले, "मग तू काय केलंस?" म्हटले, "परत पहिलीत बसले. पण बाळा, बाराखडी काही वाहून गेली नव्हती. ती डोक्यात होती." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मासा कुठं मिळतो ते मला माहीत आहे."

रविवारी मी कॅसेट पदराला बांधली आणि दोघा पोरांना घेऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. मध्यमवयाचा गृहस्थ, हातात डाग लावायची तापलेली पेन. म्हटले, "भाऊ, यातला डाव पुसला गेलाय. कुणी पुसला, ते सांगता येईल का?" तो हसला. "मावशी, असा प्रश्न पहिल्यांदाच आला." त्याने कॅसेट उघडली. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर घड्याळाला असतो तसा चपटा बटण सेल, सीआर २०२५. मीटर लावला. "हा तीन व्होल्टचा असायला हवा. यात जवळजवळ जीवच नाही." मग त्याने समजावले. खेळ असतो तो पक्का लिहिलेला, तो जात नाही. पण आपण खेळलेला डाव एका अशा जागी राहतो, जिला सतत थोडी वीज लागते. डबी चालू असताना ती डबीच्या सेलवर मिळते, बंद केल्यावर या बटण सेलवर. वीस-पंचवीस वर्षांनी हा सेल संपतो. चालू असेपर्यंत सगळे दिसते, बंद केले की साफ. "कुणी पुसला नाही, मावशी. सेल म्हातारा होऊन मेला."

धाकटी माझा पदर धरून उभी होती. तिने भावाकडे पाहिले. बोलली काही नाही.

त्याने जुना सेल काढून नवा बसवला, डाग लावून. "चिकटपट्टीने लावू नका, हलला की परत डाव जातो," म्हणाला. दीडशे रुपये घेतले आणि पोरांना सेल कसा तपासतात ते दोनदा दाखवले.

घरी आल्यावर मी सुनेला सगळे सांगितले. ती पीठ मळत होती. हात तसेच पिठाचे, उठली आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "माझं चुकलं गं." मग पोर रडली, चार दिवसांचे सगळे एकदम. आयांनो, लेकरापुढे चूक कबूल केल्याने आईचा मान कमी होत नाही. मी सासू आहे, मीही त्याच दिवशी नातीची माफी मागितली, कारण गप्प बसणारा निम्मा दोषी असतो.

नातवाला मी शिक्षा दिली नाही. तो स्वतःच म्हणाला, नवा डाव हिच्या नावाने. खेळात नाव लिहायला सातच अक्षरे मिळतात. तिने आपले नाव इंग्रजीत पहिल्यांदा लिहिले, एकेक अक्षर शोधून. आता पंधरा मिनिटे ती, पंधरा मिनिटे तो. वाट त्याला ठाऊक, त्यामुळे तीन महिन्यांचे काम पाच आठवड्यांत झाले.

घरोघरच्या आयांना आणि आज्यांना चार गोष्टी सांगते. खेळ हाती देण्याआधी स्वतः शेजारी बसून बघा. वेळ ठरवा आणि जागा उजेडातली ठरवा. ज्या मुलाला फिट येते त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारा. १९९७ साली, १६ डिसेंबरला, जपानमध्ये याच पोकेमॉनच्या कार्टूनमधल्या लुकलुकत्या उजेडाने सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावे लागले होते. आणि जुनी कॅसेट मिळाली तर आधी तिचा सेल तपासून घ्या.

पाचवी गोष्ट खेळाची नाही. घरात काही मोडले, हरवले, पुसले गेले की आपले बोट पहिले कुणाकडे जाते, ते बघा. बहुतेक वेळा सर्वांत लहान, सर्वांत गरीब आणि उलट न बोलणाऱ्या जिवाकडे जाते. बाहेरच्या जगाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या तसेच वागवले. काही चोरीला गेले की आधी आपल्या वस्तीत शोध. ते दुःख ज्यांनी सोसले त्यांनी तरी आपल्या घरात पुराव्याआधी हात उचलू नये.

परवाच्या रविवारी संध्याकाळी उंबऱ्यात गर्दी झाली. डबी धाकटीच्या हातात होती. मासा २० व्या पायरीला पोचला. पडदा लुकलुकला आणि त्या उड्या मारणाऱ्या कुचकाम्या माशाचा भलामोठा नाग झाला. पोरे नाचली. सून लाटणे हातात घेऊनच बघायला आली होती. बघून झाल्यावर म्हणाली, "आता डाव राखून ठेवा, आणि जेवायला चला."